एकेचाळीस बाटल्या

“कुणालाही हे खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो,” मी म्हणालो. “पण मी त्या पंपाची दोरी ओढली ना, तेव्हा माझ्या डाव्या हाताला, इथून त्या कोपीवाल्याच्या स्टॉलइतक्या अंतरावर, एक सिंह बसला होता. बसून जांभया देत होता.”

“वन,” इरा म्हणाली आणि टूथपिकच्या डबीतून एक काडी काढून तिनं टेबलावर आडवी ठेवली.

इरा माझी नात. वय वर्षं नऊ. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आमच्यात करार आहे : माझ्या प्रत्येक थापेला एक काडी, आणि दहा काड्या झाल्या की तिला एक आइस्क्रीम. या करारापायी पोरीचे दोन दात किडले असं माझी बायको साधना म्हणते. ते दुधाचे होते, पडणारच होते. पण साधनाच्या बोलण्याला काडी लावायची माझी हिंमत नाही.

शनिवारची सकाळ होती. सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या आमच्या ब्लॉकशेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडपात, साधनानं सातलाच टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकून जागा धरली होती. मला बिनसाखरेची कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि बाकीच्यांना नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट, अशी वाटणी झाली होती. समोर बसला होता तन्मय. पोरगा पुण्याचा, राहतो सेंगकांगला. शिकला मेकॅनिकल, नोकरी सॉफ्टवेअरची. म्हणजे हातात पाना धरून त्याला दहा वर्षं झाली असतील. पण येत्या शुक्रवारी तोच निघाला होता केनियाला, मासाई लोकांच्या एका शाळेतला पंप दुरुस्त करायला. आमच्याच ब्लॉकमधल्या सविताबाईंच्या चर्चची तुकडी चालली होती, आणि पंपाला माणूस म्हणून त्यांना हाच सापडला होता.

तीन वर्षांपूर्वी तो माणूस मी होतो. तोच पंप आता पुन्हा बंद पडलाय, दुष्काळ पुन्हा आलाय, आणि मधल्या काळात डॉक्टरांनी माझ्या छातीत तीन ठिकाणी जोडकाम केलंय. साधना मला विमानतळावर कुणाला सोडायलासुद्धा जाऊ देत नाही. म्हणून तन्मय माझ्याकडे आला होता, पंप समजून घ्यायला. वही आणि पेन घेऊन. लॅपटॉपवाला मुलगा वही घेऊन आला म्हटल्यावर मला जरा भरूनच आलं.

आणि टेबलाच्या चौथ्या बाजूला सविताबाई साळवे. मूळच्या नगरच्या. घरात चार पिढ्यांपासून बायबल आणि तितकीच जुनी पुरणपोळी. चाळीस वर्षं इथल्या इस्पितळांत नर्स होत्या, आता निवृत्त आहेत, पण बसताना अजूनही समोरच्याची नाडी मोजल्यासारख्या बघतात. माझ्या त्या प्रवासाच्या त्या एकमेव मराठी साक्षीदार. ही गोष्ट त्यांनी माझ्या तोंडून वीस वेळा तरी ऐकली असेल. मराठी मंडळाच्या गणपतीत, दिवाळी पहाटेला, कुणाकुणाच्या लग्नात, एकदा तर मंडाईच्या स्मशानाबाहेर बसची वाट बघताना. त्यांनी कधी माझा एक शब्द खोडला नाही. टोस्ट कोपीत बुडवतात आणि ऐकतात.

“काका, सिंह नंतर,” तन्मय म्हणाला. “पंप कुठला आहे? सबमर्सिबल?”

“थांब रे. आधी मी तिथे गेलो कसा, ते ऐक. त्याशिवाय पंप कळायचा नाही.”

“ऐक बाबा,” साधना म्हणाली. “ऐकल्याशिवाय सुटका नाही. मी बेचाळीस वर्षं ऐकतेय.”

तर मी सांगायला लागलो.

इथल्या मराठी मंडळींत बँकवाले आहेत, ऑडिटवाले आहेत, कॉम्प्युटरवाले तर दगड मारावा तिथे आहेत. पंपवाला मी एकटा. सांगलीहून वर्क परमिटवर आलो तेव्हा अंगावर एक सफारी होती आणि हातात पान्यांची पिशवी. चौतीस वर्षं मी या शहरातल्या काँडोंच्या तळघरांत काढली. वर तरणतलाव, संगमरवर, लिफ्टमध्ये अत्तराचा वास. आणि खाली दोन मजले जमिनीत मी आणि माझे पंप. नळाला पाणी येतंय तोवर मी जगात आहे हे कुणाला माहीत नसतं. पाणी गेलं की सगळ्यांना एकदम माझा नंबर आठवतो. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, “आपण काय करता?” की मी सांगायचो, “मी सिंगापूरला पाणी पाजतो.” लोक हसायचे आणि जेवणाच्या रांगेत पुढे सरकायचे.

“ही इज नॉट लाइंग,” इरानं तन्मयला सांगितलं. “धिस पार्ट ट्रू वन.”

निवृत्त झालो आणि सहा महिन्यांत साधनानं मला तीन वेळा घराबाहेर काढलं. घरातले सगळे नळ मी दोनदा खोलले होते, शेजारच्या मिसेस टानचेही. अशात एक दिवस लिफ्टमध्ये सविताबाई भेटल्या. म्हणाल्या, “निशिकांतराव, केनियाला येता का? आमच्या चर्चची तुकडी चाललीय एका शाळेत. धान्य, औषधं, वर्गांना रंग, सगळं आहे. पंप कळणारा माणूस नाही.”

मी म्हणालो, “सविताबाई, मी गणपतीवाला माणूस.”

त्या म्हणाल्या, “पंपाला विचारून बघा त्याला कुठला देव चालतो.”

झालं. साधनानं माझ्या हत्यारपेटीत पान्यांच्या खाली एक बोटभर गणपती ठेवला. मला न सांगता. नैरोबीच्या विमानतळावर पेटी उघडली तेव्हा तुकडीबरोबरचे पास्टर लिम शेजारीच उभे होते. त्यांनी गणपती उचलला, उलटापालटा करून बघितला आणि परत पान्यांवर नीट बसवून ठेवला. “ही ऑल्सो कम सो फार,” म्हणाले, “लेट हिम सिट लाह.”

“पुढे काका,” तन्मय म्हणाला.

पुढे सहा तास व्हॅन. शेवटचे दोन तास रस्ता म्हणून काही नव्हतंच, चालकाचा अंदाज होता फक्त. ऊन इतकं, की मी खिडकीबाहेर पाना धरला आणि त्यावर अंडं फोडून तुकडीतल्या बारा जणांना हाफफ्राय करून घातलं.

“टू.”

“वाटेत एक जिराफ भेटला. त्यानं व्हॅनच्या टपावरून वाकून काचेतून आत बघितलं आणि आमच्यातल्या एकीचा चष्मा चाटला. मिठासाठी. घामाचं मीठ.”

“थ्री.”

“अगं, ती खरंच झालेली गोष्ट आहे!”

“आजोबा, लास्ट टाइम यू सेड ऑस्ट्रिच.”

सविताबाईंनी दुसरा टोस्ट उचलला. हसल्या नाहीत, पण डोळ्यांच्या कडा हलल्या.

शाळेचं नाव मला तीन वर्षांत एकदाही नीट उच्चारता आलेलं नाही, त्यामुळे मी ते सांगत नाही. पत्र्याच्या छपराचे पाच वर्ग, एक स्वयंपाकाची खोली, एक मोठी काळी टाकी. टाकी कोरडी. भोवती माती, लाल, पायाखाली पिठासारखी उडणारी. आणि येताना वाटेवर गायी पडलेल्या. बसल्यासारख्या दिसायच्या, जवळ गेलं की कळायचं. मासाई माणसाचं सगळं गायीवर. हेडमास्तर सँकाले म्हणाले, माझ्या वडिलांकडे नव्वद होत्या, आता सहा आहेत, आणि त्या सहांची नावं वडील दिवसातून दोनदा घेतात.

इथे मी थाप मारली नाही, हे इरानं ओळखलं. काडी तिच्या बोटांतच राहिली.

“टाकी भरायची कुठून?” तन्मयनं विचारलं.

“शाळेखाली नदी आहे. म्हणजे वाळू आहे. वर पाण्याचा थेंब नाही, पण वाळूखाली सहा मीटरवर पाणी असतं. काठाशी चार इंची बोअर मारलेली, तिच्यात दोन इंची सक्शन पाइप सोडलेला, आणि वर पेट्रोलवर चालणारा छोटा पंप. तो पाणी ओढून वर टाकीत ढकलायचा. दोन महिने पंप बंद. बादली टाकून शेंदावं म्हटलं, तर चार इंचांत बादली जाते कशी?”

“मग पाणी?”

“पोरं आणायची. रोज. घरून निघताना प्रत्येकाच्या एका हातात वही, दुसऱ्या हातात बाटली. कुणाची कोकची, कुणाची गोडेतेलाची, कुणाचा औषधाचा कॅन. आया पहाटे कुठून कुठून भरून आणायच्या. शाळेत आलं की अर्धं पाणी स्वयंपाकाच्या पिंपात, त्यात मक्याची लापशी शिजायची. अर्धं दिवसभर प्यायला. शाळेत पोरं दीडशे, पण आम्ही पोचलो तोवर पाणी घेऊन येऊ शकणारी एकेचाळीस उरली होती. बाकीची येतच नव्हती.”

तन्मय लिहीत होता. मी त्याच्या पेनाकडे बघत होतो.

“सँकाले मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. महिनाअखेर पाणी नाही आलं तर शाळा बंद करून पोरांना घरी पाठवायचं, असा वरून हुकूम होता. लहान पोरं परत येतील, म्हणाले. सातवी-आठवीच्या मुली येणार नाहीत. त्यांची लग्नं होतील. बोलताना अगदी शांत. मला वाटलं, हा माणूस मला घाबरवत का नाही? काँडोचा मॅनेजर पाण्याला अर्धा तास उशीर झाला तर कोर्टाची भाषा करतो.”

“मग तुम्ही पंप खोलला.”

“खोलला! अरे, खोलला म्हणजे काय! मला बघून पंपानंच दोन नट सैल केले.”

“फोर.”

“सील फाटलेलं, पॅकिंगचा भुगा झालेला, इंजिनात चिखल. चुलीवरच्या भांड्यासारखा घासला. गाढवं भोवती उभी राहून बघत होती. त्यातल्या एकाला मी ‘दहाचा पाना दे’ म्हणालो, तर त्यानं बाराचा दिला.”

“फाइव्ह! सिक्स!”

“दोन कशाबद्दल?”

“वन फॉर डाँकी, वन फॉर राँग स्पॅनर.”

साधना पदरात तोंड घालून हसायला लागली. तन्मयही हसला, पण पेन खाली ठेवलं नाही. हुशार पोरगा. मला हुशार ऐकणारा फार आवडतो आणि जरा जडही जातो.

“म्हणजे पंप वरती आहे आणि पाणी खाली,” तो म्हणाला. “प्रायमिंग करावं लागत असणार.”

“शाबास!” मी टेबलावर थाप मारली. “तळघरात आम्हाला ते कधी करावंच लागत नाही. तिथे टाकी वर, पंप खाली. पाणी आपल्या पायांनी पंपात येतं. मध्ये एक कॉक असतो, तो उघडला की झालं. चौतीस वर्षांत मी पंपाला पाणी पाजलं नाही. पंपानंच लोकांना पाजलं. इथे उलटं. आधी पंप आणि पाइप गळ्यापर्यंत भरायचे, मग दोरी ओढायची. भरलं नाही तर पंप हवा धरतो आणि नुसता गरगर फिरतो.”

“किती पाणी लागतं?”

“पंचवीस लिटर.”

पेन थांबलं. “आणि ते कुठून आणलंत?”

ही गोष्ट सांगताना एक जागा येते. तिथे आलो की मी नेहमी सिंह आणतो. कधी सिंह, कधी हत्ती. जसे ऐकणारे तसं जनावर. त्या दिवशी सिंह गोष्टीच्या सुरुवातीलाच वापरून बसलो होतो.

“बाटल्यांतून,” मी म्हणालो. “तुकडीकडचं पाणी पिण्यापुरतं होतं, आणि टँकर दोन दिवसांनी येणार होता. मी मास्तरांना म्हटलं, पंपाला आधी पाणी पाजावं लागतं. त्यांनी ते पोरांना मासाईत सांगितलं. कुणी काही विचारलं नाही. एकेचाळीस पोरं रांगेत उभी राहिली. पिंपात अजून काही ओतलं नव्हतं. एकेक पोरगं येतं, बाटली माझ्या हातात देतं, मी नरसाळ्यातून पंपात ओततो, रिकामी बाटली परत. पास्टर लिम गिटार घेऊन गाणं म्हणत होते. शेवटी एक मुलगी होती. नासेरियान. इराएवढीच, जरा उंच. तिच्याकडे पिवळ्या झाकणाची तेलाची बाटली. निम्मीच भरलेली, निम्मी तिनं वाटेत धाकट्या भावाला पाजली होती. तिनं बाटली दिली नाही. स्वतः ओतली. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरून उभी राहिली.”

हॉकर सेंटरमध्ये गर्दी वाढली होती. शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी आमचं जादाचं स्टूल मागून नेलं.

“मग?” साधनानं विचारलं. बेचाळीस वर्षं ऐकते म्हणते, पण इथे ती नेहमी ‘मग’ विचारते.

“मग मी दोरी ओढली. आणि अरे, पाणी! टाकीतल्या पाइपातून असं उसळलं, की वरून उडणारं गिधाड भिजलं आणि लाजून निघून गेलं. बारा मैलांवरच्या हत्तीणीला वास लागला, ती आपल्या सासूला घेऊन आली.”

“सेव्हन. एट.”

“आणि मासाई लोक कसे उड्या मारतात माहीत आहे ना, जागच्या जागी, उंच? सँकाले मास्तर इतके उंच उडाले, की खाली येईपर्यंत टाकी भरली.”

“नाइन! आजोबा, वन मोअर ओन्ली!”

इरानं नऊ काड्या एका रांगेत सरळ केल्या. टेबलावर हशा. मीही हसलो. मला वाटलं, पार झालो.

तन्मयनं वही पुढे ओढली. “काका, एक शेवटचं. फूटव्हॉल्व्ह? पाइपच्या तळाशी असतो तो. त्याची झडप गळकी असेल तर ओतलेलं सगळं खाली निघून जाईल ना? तुम्ही आधी पाइप वर काढून तपासला होतात का?”

आमच्या सांगलीकडे शेतकरी त्याला ‘फुटबॉल’ म्हणतात. पाणी ओढताना उघडतो, थांबलं की मिटतो. मिटतो म्हणून ओतलेलं पाणी पाइपात उभं राहतं. शेतावरचं शेंबडं पोरही पाणी ओतण्याआधी फुटबॉल बघतं. मी शेतावरचा नव्हतो. माझा जन्म तळघरात गेला.

“गरज पडली नाही,” मी म्हणालो. “पंप बघितला की मला खालचं कळतं. ओतलं, दोरी ओढली, एका दमात पाणी.”

साधंच वाक्य. त्यात ना सिंह, ना गाढव. इरानं काडी उचललीसुद्धा नाही.

तन्मयनं लिहिलं. मला उलटं दिसत होतं, तरी वाचता आलं. ‘प्रायमिंग : एकदा, २५ लिटर. पाइप काढायची गरज नाही.’ खाली त्यानं रेघ मारली. नीट, पट्टीनं मारल्यासारखी.

सविताबाईंनी हातातला टोस्ट बशीत ठेवला.

“तन्मय, खोड ते,” त्या म्हणाल्या.

“काय मावशी?”

“ते शेवटचं. खोड.” मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज वॉर्डातला. “एकदा नाही, निशिकांतराव. दोनदा ओतलं होतंत तुम्ही.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. “सविताबाई, वीस वेळा ऐकलीत, एकदाही बोलला नाहीत. आजच काय?”

“त्या वीस वेळांतलं ऐकणारं कुणी तिथे जाणार नव्हतं.”

साधना माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक नव्हतं. सिंह ठाऊक होता, गाढव ठाऊक होतं, हे नव्हतं.

“पाइप वर काढायला दोन तास लागले असते,” सविताबाई तन्मयला म्हणाल्या. सावकाश, औषधाचा डोस सांगावा तशा. “पोरं रांगेत उभी होती, गाणं चालू होतं, सगळे यांच्याकडे बघत होते. यांना थांबवेना. एकेचाळीस बाटल्या ओतल्या, दोरी ओढली. पंप नुसता फिरला. पाणी सगळं खाली निघून गेलं होतं. त्या दिवशी चूल पेटली नाही. आमच्या बाटल्या आम्ही घोटघोट वाटल्या, तरी दुपारी माझ्या औषधांच्या तंबूत आठ पोरं आडवी होती. बाकीची तशीच चालत घरी गेली. चार-चार किलोमीटर.”

“मावशी...” तन्मय म्हणाला.

“यांनी दुपारी पाइप काढला. झडपेचं चामडं झिजून गेलेलं. एका म्हातारीनं बसायचं कातडं दिलं, त्यातून यांनी नवीन चकती कापली. मी कातडं धरलं होतं. काम फार चांगलं केलं, ते मी कुणालाही सांगेन. पण भरायला पाणी नव्हतं. आम्हाला वाटलं, आता टँकर येईपर्यंत बसायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर तीच एकेचाळीस पोरं. परत रांगेत. बाटल्या घेऊन. कुणी सांगितलं नव्हतं.”

कोपीवाल्यानं कुणाचा तरी नंबर पुकारला. एक सफाईवाल्या आजी आमच्या ट्रेकडे हात पुढे करून थांबल्या आणि मग काय वाटलं कोण जाणे, तशाच पुढे गेल्या.

“त्या दिवशी पाणी आलं,” सविताबाई म्हणाल्या. “तीन वर्षं आलं. सातवीच्या मुली आठवीत गेल्या. ते खरं आहे. पण ती नासेरियान दुसऱ्यांदा बाटली घेऊन आली तेव्हा तिनं काहीतरी विचारलं, आणि मास्तरांनी ते यांना इंग्रजीत सांगितलं. ते मी नाही सांगणार. ते यांचं आहे.”

तन्मयनं माझ्याकडे बघितलं. त्याच्या पेनाचं टोक त्या रेघेवर तसंच टेकलेलं होतं.

मला खूप गोष्टी सुचल्या. ती मला काय म्हणाली असेल याच्या दहा-बारा तऱ्हा माझ्याकडे तयार आहेत, सगळ्या हसवणाऱ्या. कुठलीही चालली असती.

“‘आजचं राहील का?’” मी म्हणालो. “एवढंच विचारलं.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?” साधनानं विचारलं.

मी नरसाळं पुसत होतो.

इरानं डबी हातात धरली होती, पण ती उघडत नव्हती. मी हात पुढे केला. तिनं डबी दिली. मी एक काडी काढली आणि नवव्या काडीशेजारी ठेवली, जरा वाकडी पडली, ती सरळ केली.

तन्मयनं पान उलटून नवीन ओळ सुरू केली. “आधी पाइप वर काढायचा,” तो लिहिता लिहिता पुटपुटला.

“आणि चामडं इथूनच घेऊन जा,” मी म्हणालो. “दोन चकत्या. मी कापून देतो.”

दहा झाल्या होत्या. इरानं आइस्क्रीम मागितलं नाही.